कोपऱ्यात मेंढरू बसत नाही

"आकृती काढ," सर म्हणाले.

मी खडू घेतला आणि फळ्यावर गोल काढला. चांगला मोठा. मागं वळले तर वर्ग हसत होता. आधी पुढचे बाक हसले, मग ते हसतात म्हणून मधले, आणि सगळ्यात शेवटी आमचे, मागचे. मला कळेना काय झालं. मी परत एकदा फळ्याकडं बघितलं, गोल कुठं वाकडा झालाय का म्हणून.

दहावीचं वर्ष. बीजगणिताचा तास, प्रार्थनेनंतरचा पहिला. वर्गसमीकरणं नुकती सुरू झाली होती. पुस्तकातल्या गणितात बाग होती. सरांनी बाग काढून तिथं मेंढ्या घातल्या, आणि घालताना माझ्याकडं बघितलं. मेंढ्यांसाठी एक आयताकृती कुंपण आहे, त्याची लांबी रुंदीपेक्षा चार मीटरनं जास्त, क्षेत्रफळ शहाण्णव चौरस मीटर, तर लांबी आणि रुंदी काढा. हे तुझ्या घरचं गणित आहे म्हणाले, आणि मला फळ्यापाशी बोलावलं.

घरचं गणित म्हटल्यावर मी घरचंच काढणार ना.

आम्ही मेंढरंवाले. वडीगोद्रीच्या अलीकडं आमचं गाव. पावसाळाभर गावात असायचं, दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठाला जायचं. रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला आम्ही वाघूर म्हणतो. वाघूर गोलच लागते. कारण साधं आहे. लांडगा आला, ट्रकचा भोंगा वाजला, की मेंढरं बिचकतात आणि सगळी एकाच दिशेला पळतात. जाळी गोल असली तर कडेकडेनं फिरत राहतात. कोपरा असला तर कोपऱ्यात घुसतात, एकावर एक चढतात, आणि खालची कोकरं गुदमरून मरतात. माझ्या मामानं एकदा पत्र्याच्या चौकोनी शेडात मेंढरं कोंडली होती. सकाळी त्या कोपऱ्यातून जे बाहेर काढलं ते मी बघितलंय. म्हणून 'आयताकृती' हा शब्द माझ्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही. हातानं गोल काढला.

सरांनी विचारलं, आयत माहीत आहे का. मी म्हणाले, माहीत आहे. मग गोल का काढला?

"सर, मेंढरं कोपऱ्यात बसवत न्हाईत."

एवढंच बोलले. उद्धटपणानं नाही. मला वाटलं, सर विसरले असतील, आठवण करून द्यावी. कारण सरांना ते माहीत होतं. गावाला लागून सरांचं मोठं रान, वाडवडिलांपासूनचं. उन्हाळ्याच्या शेवटी आमची मेंढरं त्याच रानात बसायची. रात्रभर बसली की लेंड्यांचं खत रानाला मिळतं, त्याबदल्यात धान्य मिळतं, अशी रीत. सर सकाळी मोटारसायकलवर रान बघायला यायचे तेव्हा आमची वाघूर त्यांच्या डोळ्यापुढं असायची. मी ती गुंडाळत असायचे. गोल वाघूर त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघितली होती.

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वर्गाच्या मागच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं झाडू, बादली आणि फाटका नकाशा असायचा.

"कोपऱ्यात मेंढरू बसत न्हाई म्हणतीस? मंग तू बसून दाखव."

मला वाटलं, मस्करी आहे. मी खडू हातात धरून उभीच. पण सर पुढं शिकवेनात. सगळा वर्ग थांबला. माझ्यासाठी थांबला. आमच्या बाकावरच्या पोरी खाली बघायला लागल्या. मग मी गेले आणि झाडूशेजारी फरशीवर बसले. सरांनी माझा गोल पुसला, तिथं पट्टीनं आयत काढला, आणि गणित सोडवायला घेतलं. तास संपताना म्हणाले, आजपासून बीजगणिताला हीच जागा.

कोणी बें बें केलं. पुढच्या बाकावरून आवाज आला. सरांना तो ऐकू आला नाही, असं त्यांनी दाखवलं.

वर्गसमीकरण म्हणजे काय हे कोणाला माहीत नसेल तर सांगते. रुंदी माहीत नाही, तिला क्ष म्हणायचं. मग लांबी क्ष अधिक चार. दोन्हींचा गुणाकार शहाण्णव. हे मांडायचं, सगळं उचलून डाव्या हाताला आणायचं, आणि उजव्या हाताला शून्य ठेवायचं. मग डावीकडच्याचे दोन तुकडे पाडायचे. त्या दोन तुकड्यांचा गुणाकार शून्य आहे, म्हणजे दोघांतला एक तरी शून्य असणारच. त्यातून दोन उत्तरं निघतात. आठ, आणि उणे बारा. रुंदी उणे असू शकत नाही, म्हणून उणे बारा टाकून द्यायचं. राहिलं आठ. रुंदी आठ, लांबी बारा. झालं गणित.

आज हे मी झोपेतही सांगेन. तेव्हा मला यातलं एकच दिसायचं. शून्य.

खरंच सांगते, बाकीचं दिसतच नव्हतं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि फळ्याच्या डाव्या अंगाला पडायचं. समोर बसणाऱ्याला त्याचं काही नाही. त्या कोपऱ्यातून बघितलं की तेवढा फळा नुसता चकाकायचा. सर मोठ्या अक्षरात या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायचे. सगळी करामत डाव्या हाताला व्हायची, आणि मला उजव्या हाताचं 'बरोबर शून्य' तेवढं दिसायचं. एकाखाली एक. मी तेच वहीत उतरवून घ्यायचे. बरोबर शून्य, बरोबर शून्य. त्या तासाची माझी पानं बघून कोणाला वाटलं असतं, पोरगी खुळी आहे.

आभाळ भरून आलं की फळा दिसायचा. ढगाळ दिवशी मला गणित यायचं. गाव पेरणीसाठी आभाळाकडं बघत होतं आणि मी अवयव पाडण्यासाठी. पण त्या वर्षी पावसानं ताण दिला.

एकदा मी हात वर करून सांगितलं, सर, इथून दिसत नाही. सर म्हणाले, दिवाळीनंतर तू निघूनच जाणार आहेस, तुला बघून काय करायचं. ते रागानं बोलले नाहीत. वाण्यानं माल संपला म्हणून सांगावं तसं सांगितलं. आणि त्यांचं म्हणणं सगळ्या वर्गाला पटलं. वाईट याचं वाटतं की थोडं मलाही पटलं. जाणाऱ्या पोरांनी राहणाऱ्या पोरांची उजेडातली जागा कशाला अडवायची? मी रात्री पडल्या पडल्या यावर विचार करायचे आणि मला सरांचंच बरोबर वाटायचं. माणसाला खाली बसवणं सोपं असतं. तो स्वतःच मान हलवायला लागला की मग काम पक्कं होतं.

घरी मी सांगितलं नव्हतं. मायला कपडे धुताना कळलं. शाळेच्या ड्रेसला मागून रोज माती. तिनं विचारलं, मी उडवाउडवी केली, तिनं शेजारच्या पोरीला विचारलं. मायनं आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहिता वाचता येत नाही, पण माझ्या शाळेचं त्यांना फार होतं. कळप घेऊन दूर असले तरी फोनवर आधी विचारायचे, पुस्तकं संगं घेतली का.

आबा सरांच्या घरी गेले. शाळेत नाही, घरी. शाळेत जायचं त्यांना सुचलंच नाही, कारण त्यांच्यासाठी ते सर नव्हतेच. ते रानाचे मालक होते. आबांनी ओट्याखाली उभं राहून विनवणी केली. मालक, पोरीला पुढं बसवा. मालक म्हणाले, बघू. मग म्हणाले, आखाड चालू आहे, तुला काय सांगायचं.

आखाडात आमच्याकडं घरोघर मटण शिजतं. श्रावण लागला की बंद. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याच्या घरी आखाडात एक कोकरू पोचवायचं, ही जुनी चाल. आबांनी त्या वर्षीचं आधीच पोचवलं होतं. हे दुसरं. काळ्या कानाचं, अंगानं भरलेलं. आबा ते खांद्यावर टाकून घेऊन गेले. मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. परत आले तर त्याची माय जाळीपाशी ओरडत होती. मला वाटलं, चुकलं असेल कुठं, येईल.

दुसऱ्या दिवशी सर लवंग चघळत वर्गात आले. हजेरी झाली. मी सवयीनं उठून कोपऱ्यात जाऊन बसले होते.

"ये, पुढं ये. तिसऱ्या बाकावर बस. तुझ्या बापानं सोय केली."

मला त्या घडीला सगळं कळलं. काळा कान, ओरडणारी माय, रात्री आबांचं खुशीत असणं, सगळं. वर्गालाही कळलं. गावात कोणाच्या घरी काय शिजलं हे लपत नाही. पुन्हा पुढून बें बें आलं, आणि या खेपेला सरही हसले.

मी उठले. दप्तर उचललं. तिसऱ्या बाकावरची पोरगी सरकून जागा करत होती. तिथं ऊन नव्हतं. तिथून सगळा फळा दिसला असता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती दिवसांपासून मला तेच हवं होतं. माझे पाय निघालेही होते.

मग मी दप्तर परत खाली ठेवलं.

"सर, मी इथंच बसते."

"पुन्हा सांगणार न्हाई मी."

"नका सांगू."

आणि मी बसले. झाडूशेजारी, फरशीवर. कोणी बें बें केलं नाही. सरांनी वळून फळ्यावर समीकरण लिहिलं. मला त्यातलं शून्य दिसलं.

पंधरा वर्षांची होते. बंड वगैरे शब्द मला माहीत नव्हते. एवढंच कळत होतं की कालपर्यंत ज्या कारणानं मला खाली बसवलं होतं ते कारण खरं नव्हतं. दिवाळीनंतर जाणारी पोरगी आजही दिवाळीनंतर जाणारच होती. गोल काढणारी पोरगी तीच होती. बदललं काय होतं, तर सरांच्या पोटात एक कोकरू गेलं होतं. म्हणजे उजेडातली जागा अकलेवर मिळत नव्हती. इतके दिवस मी रात्री पडून त्यांचं बरोबर मानत होते, याचा मला स्वतःवरच संताप आला.

हे वाचताना कोणाला वाटेल, वा, काय पोरगी. त्यांनी पुढचं ऐकावं.

घरी गेले. आबांनी हसत विचारलं, कुठं बसली आज? मी खरं सांगितलं. आबांचं हसू मावळलं. मारलं नाही. आबांनी मला कधीच मारलं नाही. ते वाघुरीच्या खुंट्या ठोकायला लागले, ज्या आधीच ठोकलेल्या होत्या. मग पाठमोरेच म्हणाले.

"कोकरू बी गेलं अन् जागा बी गेली."

माय म्हणाली, जागेवर बसली असतीस तर झिजली असतीस का. कोकराची माय अजून ओरडत होती. माझा स्वाभिमान तिच्या काय कामाचा?

पुढं सरांनी आम्हा जाणाऱ्या पोरांना शाळेच्या नावावर परीक्षेला बसूच दिलं नाही. बाहेरून बसा म्हणाले. म्हणजे आम्ही नापास झालो तरी शाळेचा निकाल शंभर टक्के. गोदाकाठाला एका वाडीजवळ आमचा तळ होता, तिथून मी परीक्षेला गेले. गणितात नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा नापास. शाळेच्या फलकावर त्या वर्षी शंभर टक्के लिहिलं होतं, ते मी स्वतः वाचलं.

तिसऱ्या खेपेच्या आधी मी ठरवलं, ते मेंढ्यांचं गणित सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पुस्तकात रीत होती, हळूहळू वाचली. आठ आलं, उणे बारा आलं. सरांसारखं उणे बारा टाकून दिलं. मग मनात आलं, रुंदीऐवजी लांबीला क्ष म्हटलं तर? तसं मांडलं. आता उत्तरं आली बारा आणि उणे आठ. मी दोन्ही पानं शेजारी ठेवली. पहिल्या पानावर जे टाकून दिलं होतं, तेच उणे सोडून दुसऱ्या पानावर खरं उत्तर म्हणून बसलं होतं. टाकून दिलेला आकडा कुठून बाहेरून आलेला नव्हता. तो त्याच कुंपणाची दुसरी बाजू होता, फक्त उलट्या अंगानं आलेला.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. राग आला. हे एवढं सोपं होतं तर कोणी सांगितलं का नाही? तिसऱ्या बाकावरच्यांना तरी सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. तिथंही त्यांना टाकून द्यायलाच शिकवत होते. फक्त त्यांना टाकताना दिसत होतं.

पास झाले. पस्तीसच्या वर थोडे. मग बारावी, मग बाहेरून बी.ए. आता वडीगोद्रीत हायवेलगत एका बी-बियाण्याच्या दुकानात काउंटरला बसते आणि बँकेच्या क्लार्कच्या परीक्षा देते. त्या परीक्षेत वर्गसमीकरणं पिच्छा सोडत नाहीत, वर असमानताही येतात. म्हणजे 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा लहान'चं चिन्ह. पहिल्यांदा ते शिकले तेव्हा मी माझं जुनंच समीकरण घेतलं आणि त्यातलं 'बरोबर शून्य' काढून 'शून्यापेक्षा लहान' केलं. उत्तर एक आकडा येत नाही मग. उणे बारापासून आठपर्यंतच्या मधल्या सगळ्या संख्या उत्तर असतात. मधली कुठलीही घालून बघा, शून्यच घाला, बरोबर उतरतं. दोन्ही टोकं सारखीच लागतात. उणे बाराला तिथं कोणी टाकत नाही, कारण ती हद्द आहे. ती काढली तर उत्तर कुठून सुरू होतं हेच सांगता येणार नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पाकिटाच्या मागं संख्यारेषा काढून मी तिच्याकडं बघत बसले. बरं वाटलं. तेवढंच. त्या परीक्षेत मी पास झाले नाही. पुढच्याही नाही. वय निघून चाललंय. उत्तर समजणं आणि त्यानं आयुष्य बदलणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर कापलं गेलं असं मी खोटं सांगणार नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आरती.

आरती माझ्या भावाची पोरगी. यंदा दहावीला, त्याच शाळेत. सर आता मुख्याध्यापक आहेत, पण बीजगणिताचा तास त्यांनी सोडला नाही. परवा ती घरी आली आणि दप्तर टाकता टाकता हसायला लागली. म्हणाली, आत्या, सरांनी एक गंमत सांगितली. लई वर्षांमागं एक पोरगी होती शाळेत, तिला आयत काढायला सांगितला तर तिनं गोल काढला. अन् वर सरांनाच सांगते, मेंढरू कोपऱ्यात बसत नाही. सगळा वर्ग लोटपोट झाला म्हणे.

ती हसत होती. आबा बाजेवर होते. ते उठून बाहेर गेले.

म्हणजे इतकी वर्षं मी दरवर्षी त्या वर्गात जात होते. दरवर्षी नवीन पोरं मला हसत होती. मी पास झाले, बी.ए. झाले, केस पिकायला लागले, पण तिथं मी अजून फळ्यापाशी खडू घेऊन उभीच.

मी आरतीला विचारलं, तू कुठं बसतीस? ती दप्तराचे बंद आवळायला लागली. मग म्हणाली, मागं. कोपऱ्यात. दिवाळीनंतर जाणारे सगळे मागंच बसतात. फळा आता पांढरा आलाय, चकचकीत, त्यावर तर आणखी काही दिसत नाही.

मी तिला सांगितलं की ती पोरगी मी होते.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचं तोंड उतरलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी बी गोलच काढला असता."

काल संध्याकाळी दुकानातून घरी आले तर दारात कोकरू बांधलेलं. अंगानं भरलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. आखाड चालू आहे. यंदाचं मालकांच्या घरचं कधीच पोचलंय, हे मला माहीत होतं. आबा शर्ट बदलत होते. आता त्यांच्यानं खांद्यावर घेववत नाही, म्हणून दोरी लावली होती. मला बघून त्यांनी आधीच हात आडवा केला.

"या खेपेला तू मधात पडू नको."

मी आरतीकडं बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, नको. ती म्हणाली नाही. तिच्या डोळ्यात पाणी होतं. तिला जागा हवी होती. तिनं कोकराकडंही बघितलं आणि माझ्याकडंही.

"मला फळा दिसत न्हाई, आत्या."

मी तिच्याएवढी असताना ताठ मानेनं कोपऱ्यात बसले आणि दोन वर्षं नापास झाले. त्याच रस्त्यानं तिला चल म्हणू? तिला फळा दिसलाच पाहिजे. माझ्या इज्जतीपायी तिनं का आंधळं राहावं? रात्रभर नाही, पण उभ्या उभ्या मी तेवढा विचार केला, आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसली जी पंधराव्या वर्षी दिसली नव्हती. सरांनी जागा आणि कोकरू एकाच दोरीत बांधून माझ्यापुढं ठेवलं होतं. मी दोन्ही एकदमच नाकारली. जागा तर माझीच होती. नाकारायचं होतं ते कोकरू देणं.

मी आबांना म्हणाले, आरती पुढं बसेल, पण कोकरू जाणार नाही. उद्या मी जाते शाळेत.

आबा हसले. ते हसणं बघवत नव्हतं. म्हणाले, "अन् त्यांनी रान बंद केलं तर मेंढरं कुठं बसवायची? तुझ्या गणितात?"

माझ्याकडं याचं उत्तर नाही. काल नव्हतं, आज लिहितानाही नाही. गावात आमची मेंढरं बसवतील अशी चार रानं आहेत आणि चारही त्यांच्या भावकीची. सर ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. ते आधी सभ्यपणानं बोलतील, मग शाळा समितीला बोलावतील, मग पोरीचा दाखला हातात देतील. आरतीला कोणी बें बें करेल. दिवाळीनंतर ती कळपामागं जाईल ती जाईलच. कदाचित तीही नापास होईल, आणि पुढच्या वर्षी सरांकडं सांगायला दोन गमती असतील. कोणी धावून येणार नाही. मला कसलीही आशा नाही, आणि असल्याचं सोंग मी आरतीपुढंही केलं नाही. तिला सगळं सांगून विचारलं, येतीस का. तिनं ओढणीचं टोक पिळलं आणि हो म्हणाली.

मी दोरीची गाठ सोडली. कोकरू क्षणभर तिथंच उभं राहिलं, मग पळत वाघुरीकडं गेलं आणि त्याच्या मायच्या पोटाखाली घुसलं. आबांनी रिकामी दोरी उचलून खुंटीला अडकवली. ते माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत.

आज पहिला तास बीजगणिताचा आहे. दुकानात येत नाही म्हणून कळवलंय. आरती वेणी घालतेय. मी तिला तिसऱ्या बाकावर बसवणार आहे आणि तिच्या शेजारी मी बसणार आहे. सर म्हणतील उठ, तर उठणार नाही. आकृती काढ म्हणतील, तर सगळ्या वर्गापुढं पुन्हा गोल काढीन, तो कशासाठी असतो ते सांगीन, आणि मग त्यांचा आयत काढून आठ आणि बारा काढून दाखवीन. ते पुसू देत.

कोकरू देणार नाही. आणि कोपऱ्यात बसणार नाही.